खुर्चीवरचा रुमाल

पुनमच्या पायाला भिंगरी आहे, असं वाचनालयात येणारे सगळेच म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पाचोऱ्याच्या स्टेशनामागच्या गल्लीतलं ते वाचनालय असून असून केवढं? दोन खोल्या, अकरा कपाटं, पेपर वाचायचं एक लांब टेबल आणि दारात कुलर. पण तेवढ्यातही ही बाई दिवसाकाठी कोसभर चालत असेल. पुस्तक दिलं, की नोंद बरोबर झाली का ते बघायला रजिस्टर पुन्हा उघडायचं. कपाट लावलं, की चार पावलं जाऊन परत यायचं आणि कडी ओढून बघायची. संध्याकाळी वाचनालय बंद करून ती कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत जाई आणि तिथून हमखास मागे फिरे. "काही राहिलं का ताई?" असं विचारणंही रसवंतीवाल्याने सोडून दिलं होतं. कुलूप लागलेलंच असे.

अशी माणसं उपजतच तशी असतात, असं आपण धरून चालतो. पुनम तशी नव्हती. वीस वर्षांची होईपर्यंत ती ढाराढूर झोपायची, चपला वाटेल तिथे सोडायची आणि ज्याच्या त्याच्यावर विश्वास टाकायची. हे सगळं बिघडलं ते चौदा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी. ती दुपार सांगितल्याशिवाय पुनम कळायची नाही.

तेव्हा ती कॉलेजसाठी धुळ्याला, देवपुरात, भाड्याच्या खोलीत राहत होती. सोबत सुलक्षणा. दोघी एकाच गावच्या, पहिलीपासून एकाच बाकावर बसलेल्या. मेसची शेवभाजी एकीला तिखट लागली, की दुसरी तिच्या वाटणीचीही खाऊन टाकायची. दोघींना मास्तरीण व्हायचं होतं. शिक्षकी कोर्सचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, आणि आपल्याकडे शेवटची तारीख हीच काय ती खरी तारीख असल्यामुळे दोघी शेवटच्याच दिवशी नवल नावाच्या माणसाच्या सायबर कॅफेत पोचल्या.

एकाच कॉम्प्युटरवर आधी सुलक्षणाने अर्ज भरला आणि पाठवून दिला. मग पुनम बसली. नाव, पत्ता, मार्क, वीस कॉलेजांची पसंती, सगळं भरून झालं आणि फोटो जोडायची वेळ आली. फोटो काढलेलाच नव्हता! ओळखीचा स्टुडिओ पांझरेच्या पुलापलीकडे. पुनमने खुर्चीवर आपला रुमाल टाकला. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की ती सीट आपली, हा आपल्याकडचा कायदा सायबर कॅफेतही चालायचा. "कोणाला बसू देऊ नको, आलेच मी," असं सुलक्षणाला सांगून ती धावत सुटली.

चाळीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आली, तेव्हा रुमाल जागेवर होता, सुलक्षणा दाराकडे तोंड करून, खुर्चीची पाठ धरून उभी होती, आणि तिच्या मागे पडद्यावर काहीच नव्हतं. अर्ज नाही, साइट नाही. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला दिसतो तसा कॅफेचं नाव लिहिलेला निळा पडदा. पुन्हा भरायला बसली, तर तोवर साइटवर अशी झुंबड उडाली होती की एकेक पान उघडायला दहा मिनिटं लागत होती. फोटोपर्यंत पोचायच्या आत पाच वाजले, आणि पाचला खिडकी बंद.

"माझ्या मशीनमधून आपोआप काही जात नाही," नवल म्हणाला. "कोणीतरी हात लावला असेल."

महिन्याने यादी लागली. सुलक्षणाला देवपुरातल्याच कॉलेजात शेवटची जागा मिळाली. पुनमचे मार्क तिच्याहून दोनाने जास्त होते. आता यापुढे कोणी कोणाला काही सांगायला लागतं का? मेसमध्ये पंधरा-वीस मुली जेवत असताना पुनमने सगळ्यांच्या देखत विचारलं, "तूच पुसलास ना माझा फॉर्म?" सुलक्षणा ताटावरून उठली आणि एवढंच म्हणाली, "मी बसले नव्हते."

हे वाक्य पुनम चौदा वर्षं चघळत आली. विचारलं काय आणि ही सांगते काय! पुसलास का म्हटलं, तर बसले नव्हते म्हणे. चोराच्या मनात चांदणं! उभ्या उभ्या माऊस हलवता येत नाही की काय? पुढे तिने ग्रंथालयाचा कोर्स केला, लग्न होऊन पाचोऱ्याला आली, वाचनालयात लागली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये, समजूतदार. संसारात नाव ठेवायला जागा नव्हती. पण सुलक्षणाच्या लग्नाची पत्रिका आली, ती तिने न उघडता रद्दीत टाकली, आणि उघडं राहिलेलं काहीही, दार असो की वही, तिला बघवेनासं झालं.

आणि अशा बाईच्या वाचनालयात सगळ्यांसाठी कॉम्प्युटर आला.

कापडवाले लखीचंद शेठ यांनी आपल्या आईच्या, प्रेमकुंवरबाईंच्या, स्मरणार्थ तो दिला. त्याला हार घातला, नारळ फोडला. अध्यक्ष मोतीलाल आबांनी भाषणात हात वर करून सांगितलं, "हाऊ कॉम्प्युटर बठ्ठास्ना शे!" टाळ्या पडल्या. पुनमने मात्र टाळ्या थांबताच आबांना गाठलं.

"आबा, सगळ्यांचा म्हणजे कसा? एकाने उघडं टाकलेलं दुसऱ्याने बघायचं का?"

"अवं, पान्यानी टाकीले कोनी कुलूप लावस का?" आबा हसून म्हणाले.

पाण्यात कोणाचा आधार नंबर नसतो, असं पुनमच्या ओठांवर आलं होतं, पण आबा वडीलधारे. ती सरळ शेठजींच्या सुनेकडे, जिनलकडे गेली. जिनल मूळची सुरतेची. लग्नाआधी एका कंपनीत शे-दीडशे कॉम्प्युटर सांभाळत होती. पाचोऱ्यात आल्यावर दुकानाचं बिलिंग तेवढं तिच्या वाट्याला आलेलं, त्यामुळे हे काम म्हटल्यावर ती चपला घालून आधी निघाली.

"बघा दीदी," तिने कॉम्प्युटर उघडून सांगितलं, "इथे दोन नावं ठेवायची. एक तुमचं, ग्रंथपाल. त्याला पासवर्ड. दुसरं पाहुणा. त्याला पासवर्ड नाही, कोणीपण बसू दे. पण पाहुण्याला ओसरी मोकळी, माजघर बंद. इंटरनेट बघेल, अर्ज भरेल, प्रिंट काढेल. नवीन काही टाकता येणार नाही, सेटिंगला हात नाही, दुसऱ्याचं काही दिसणार नाही. आणि उठला की त्याने केलेलं सगळं साफ."

"सगळं?"

"सगळं. मागून येणाऱ्याला कोरी पाटी."

पुनमला इतकं बरं वाटलं की तिने जिनलसाठी उसाचा रस मागवला. "आणि एखादा तसाच उघडं टाकून उठून गेला तर?"

"त्याला टायमर असतो. इतकी मिनिटं कोणी हात लावला नाही, की मशीन समजते माणूस गेला. आपोआप साफ करते. वीस मिनिटं ठेवू?"

"पाच ठेव."

"पाच कमी पडतील, दीदी. माणूस विचार करत थांबला तरी पाच मिनिटं जातात."

"विचार घरून करून यावा," पुनम म्हणाली.

जिनल हसली. तिने पाच ठेवले, आणि साफ करण्याआधी एक मिनिट पडद्यावर लाल अक्षरात सूचना येईल अशी सोय केली. जाता जाता सहज बोलली, "जुन्या सायबर कॅफेत हे असायचंच." पण नवलकडे नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलं होतं, असं मनाशी म्हणून ती कपाटाची कडी बघायला उठली. त्या दिवशी तिने त्याच कपाटाची कडी तीनदा ओढली.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. उठलेल्या माणसामागे कोरी पाटी. पुनम दर अर्ध्या तासाने स्वतः पाहुणा होऊन बसायची, आधीच्याचं काही सापडतं का ते उकरून बघायची, आणि काही सापडलं नाही की तेवढ्यापुरता तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग एके दिवशी हिलाल नाना आले.

नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षांत त्यांनी रुमालावरून झालेली जेवढी भांडणं मिटवली, तेवढी कोर्टानेही मिटवली नसतील. नातीच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता, आणि तारीख अर्थातच शेवटची होती. पुनमने मदत करते म्हटलं, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी मशीनवर तिकिटं काढेल शेतस." आणि खरंच तिकीट काढावं तसं एकेक अक्षर एका बोटाने दाबत त्यांनी सव्वा तासात अर्ज शेवटाला आणला. शेवटी लागला उत्पन्नाचा दाखला, आणि नानांनी कपाळावर हात मारला.

"दाखला घरच ऱ्हाई गया. आत्ते लई येस." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून खुर्चीवर टाकला. "पोरी, कोनले बसू देऊ नको."

"जा तुम्ही नाना, मी आहे इथे," पुनम म्हणाली.

आणि ती होती. नानांच्या नातीचं नाव, आधार नंबर, सगळं पडद्यावर उघडं होतं, म्हणून तिने पडदा भिंतीकडे वळवला आणि खुर्चीपाशी उभी राहिली. एक मुलगी निकाल बघायला आली. तिला सांगितलं, रुमाल आहे. पेपर वाचायला येणारे एक मास्तर म्हणाले, तोवर तुम्ही तरी टेका ना बाई खुर्चीला. पुनम म्हणाली, नाही हो, रुमाल आहे. वीस मिनिटं ती तिथून हलली नाही. एरवी दोन मिनिटं एका जागी न ठरणारी बाई! घाम पुसायलाही तिने हात खुर्चीवरून काढला नाही.

सायकल भिंतीला टेकवून नाना धापा टाकत आत आले. पडदा वळवला. पडद्यावर दोनच नावं होती. ग्रंथपाल. पाहुणा.

"मन्हं बठ्ठं कोठे गयं?"

पाच मिनिटं. तिनेच हट्टाने ठेवलेली पाच मिनिटं. ती लाल अक्षरं भिंतीला दिसली असतील. आपण राखणीला उभे आहोत म्हणजे झालं, असं ती धरून चालली होती. माणसासाठी रुमाल पुरतो हो. मशीनला काय कळतंय?

नानांचा चेहरा पडला आणि मग तापला. "दुपारपाईन बठेल व्हतू मी आठे! तू उभी व्हती ना? मंग कोनी पुसं? तुन्हाच हात लागना व्हई!"

पेपरवाले मास्तर मान वर करून बघू लागले. निकालाची मुलगी बघू लागली. आणि पुनमच्या तोंडून, तिने ठरवलं नसताना, निघून गेलं:

"मी बसले नव्हते, नाना."

स्वतःचाच आवाज तिच्या कानावर पडला. नानांच्या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतंच. रुमाल असलेल्या खुर्चीपाशी जो राखणीला उभा असतो, त्याच्याकडे सांगायला एवढंच असतं. त्याने काय केलं नाही, तेवढंच.

पण आधी नातीचा अर्ज होता. जिनलला फोन केला, ती पळत आली, टायमर काढून टाकला. पुनमने नानांना शेजारी बसवलं, ते सांगत गेले आणि ती भरत गेली. पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला. प्रिंट हातात आल्यावर नाना निवले. "मी काहीबाही बोली गऊ, पोरी. मनवर लेवू नको," म्हणाले आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकून गेले. पुनमने मान हलवली. नानांचा राग दोन तासांत संपला होता, त्यांनी माफीही मागून टाकली होती. आणि आपण?

"दीदी, तुमची तब्येत बरी आहे ना?" जिनलने विचारलं.

"त्या जुन्या कॅफेत, तू म्हणालीस तसं... सगळ्यांकडेच असायचं का गं ते?"

"बहुतेकांकडे. का?"

पुनमने कॉम्प्युटर बंद केला. त्या संध्याकाळी ती रसवंतीवरून मागे फिरली नाही, तेव्हा रसवंतीवालाच काळजीत पडला.

रविवारी सकाळी तिने चाळीसगावची गाडी पकडली आणि तिथून धुळ्याची एसटी. एसटीत बसायला जागा होती, तरी ती अर्धा रस्ता दांडा धरून उभी होती. एक मन म्हणत होतं, खात्री करून घे. दुसरं म्हणत होतं, खात्री झाली तर काय तोंड दाखवशील? नवलकडे टायमर नव्हता असं निघालं तर किती बरं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली. मैत्रीण चोर निघावी म्हणून कोणी देव पाण्यात घालतं का?

कॅफे कधीच बंद झाला होता. त्याच गाळ्यात नवल आता मोबाइलची कव्हरं विकत होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. त्याने पुनमला ओळखलं नाही.

"टायमर? होता ना," तो कव्हर पुसत म्हणाला. "वीस मिनिटांचा. पोरं पैसे न देता उठून जायची, म्हणून बसवला होता. वीस मिनिटं हात लागला नाही की मशीन पहिल्यासारखी."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"केव्हा विचारलंत, ताई?"

तिने सांगितलं. त्याने आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. "शेवटच्या तारखेला दुकानात पन्नास पोरं असायची. कोणाला काय समजावत बसणार? म्हणालो असेन काहीतरी. कव्हर दाखवू का?"

पुनमला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार? याने आपलं एक वाक्य टाकलं होतं, जाता जाता. त्यावर चौदा वर्षांची इमारत बांधली ती आपणच.

सुलक्षणाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पत्ता गावाकडून फोनवर मिळाला होता. तिनेच दार उघडलं. चष्मा लागलेला, अंगात शाळेतल्या बाईंचा बेतशीरपणा आलेला, पण डोळे तेच. ती "ये" म्हणाली नाही, आणि दार लावूनही घेतलं नाही.

पुनमने पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हिलाल नाना, रुमाल, पाच मिनिटं, नवल, वीस मिनिटं. धाप लागल्यासारखी बोलत गेली, मधे कुठे थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. "मी चुकले, सुलू," शेवटी म्हणाली. "माझी चूक झाली गं. मी फार वाईट वागले तुझ्याशी."

सुलक्षणाने दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"कॉलेजात दोन वर्षं मला खोडरबर म्हणायचे," मग ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मेसमधल्याच मुली होत्या ना वर्गात. फळा पुसायला उठले की हसायच्या." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे कोणी हात लावला नाही, म्हणून गेलं ते?"

"हो."

"मी खुर्चीवर बसले असते, नुसता माऊस हलवला असता, तरी तुझा अर्ज राहिला असता?"

या प्रश्नाची पुनमला चाळीसगावपासून भीती वाटत होती. "हो," ती म्हणाली.

"चाळीस मिनिटं उभी होते मी. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पाय भरून आले होते. एक पोरगा येऊन म्हणालाही, ताई, तुम्ही तरी बसा." सुलक्षणाचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पण तू सांगून गेली होतीस ना, कोणाला बसू देऊ नको म्हणून. मला वाटलं, कोणाला म्हणजे मलाही."

पुनम त्या पायरीवर मटकन खाली बसली आणि रडू लागली. वर, दाराच्या चौकटीला धरून सुलक्षणा उभीच होती, त्या दिवशी खुर्चीची पाठ धरून उभी होती तशी.

"बस ना गं सुलू," पुनम म्हणाली. "बस आता."

सुलक्षणा लगेच बसली नाही. समोरच्या नळावर पाणी आलं, बायकांचे हंडे-कळश्या भरून झाले, पाचची चाळीसगाव गाडी निघून गेली. पुनमने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग सुलक्षणाने पदर सावरला आणि ती पायरीवर, तिच्या शेजारी बसली.